दुखापतप्रवण : एका विशेषणाची चिकित्सा

गेल्या हिवाळ्यात राणीसावरगावी जाण्याचा योग आला. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्याचे हे गाव. गंगाखेड म्हटले की आपल्या वाचकांना जनाबाई आठवतात, आणि आम्हीही त्याच ओढीने त्या बाजूला गेलो होतो. पण येताना सोबत आली ती वेगळीच गोष्ट. सोयाबीन निघून गेलेल्या रानात रोलर फिरवून टेनिस चेंडूची स्पर्धा भरवली होती. कर्ण्यावरून समालोचन चालले होते आणि समालोचक एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला ‘सावरगाव एक्सप्रेस’ म्हणत होता. मुलगा खरोखरच वेगवान होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याने तीन सामन्यांत गोलंदाजी केली. दिवस मावळताना तो लिंबाच्या बुंध्याला टेकून दोन्ही हातांनी कंबर दाबत उभा होता. आमच्या शेजारी बसलेले शाळेतले एक सर म्हणाले, “पोरगं ताकदीचं आहे हो, पण पाठ कच्ची. दरसाली याच दिवसांत बसतंय.”

या वाक्याने आम्हाला अस्वस्थ केले. वाक्यात करुणा होती, निरीक्षणही होते. आणि तरीही त्यात एक निवाडा होता, जो त्या मुलाच्या पाठीवर कायमचा लिहिला गेला होता. क्रीडापानांवर हाच निवाडा ‘दुखापतप्रवण’ या अधिक सभ्य शब्दाने होतो. आमच्यासारख्यांचे काम शब्दांशी असल्याने या एका विशेषणाविषयी, आणि ते ज्या याद्यांमध्ये नांदते त्या याद्यांविषयी, चार शब्द लिहिणे आम्हाला अगत्याचे वाटते.

उगवत्या गोलंदाजांची क्रमवारी लावण्याचा छंद आपल्याकडे आता चांगलाच रुजला आहे. एकोणीस वर्षांखालील विश्वचषक झाला, की भावी वेगवान गोलंदाज कोण, पहिला कोण, दुसरा कोण, याची चर्चा सुरू होते. त्यातच लिलाव येतो आणि क्रमवारीला रुपयांचे आकडे मिळतात. या याद्या कशाच्या आधारे बनतात? मुख्यत्वे वेगाच्या. वेग मोजता येतो, पडद्यावर दिसतो, दुसऱ्याच्या वेगाशी ताडून पाहता येतो. कोवळ्या पाठीचा कणा अजून किती षटके सोसेल, हे मोजणारे यंत्र मात्र मैदानाच्या कडेला उभे नसते. जे मोजता येते त्यालाच गुणवत्ता म्हणायचे, आणि जे मोजता येत नाही ते खेळाडूच्या नशिबावर किंवा स्वभावावर ढकलायचे, ही या याद्यांची रीत आहे.

२०१८ सालचे उदाहरण घ्यावे. न्यूझीलंडमध्ये पृथ्वी शॉच्या नेतृत्वाखाली भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघाने विश्वचषक जिंकला. त्या संघातल्या कमलेश नागरकोटी, शिवम मावी आणि ईशान पोरेल या त्रयीने सर्वांचे लक्ष वेधले. स्पर्धा चालू असतानाच झालेल्या लिलावात कोलकात्याच्या संघाने नागरकोटीला ३ कोटी २० लाख आणि मावीला ३ कोटी रुपयांना घेतले. त्यानंतर नागरकोटी २०१८ आणि २०१९ हे दोन्ही हंगाम दुखापतीमुळे एकही सामना खेळू शकला नाही. आयपीएलमधला त्याचा पहिला सामना २०२० साली झाला. मावीचाही २०१९ चा हंगाम पाठीच्या दुखापतीत गेला. भारताच्या मुख्य संघातून तो खेळला तो जानेवारी २०२३ मध्ये, वानखेडेवर, आणि त्याने पहिल्याच सामन्यात चार बळी घेतले. म्हणजे यादी करणाऱ्यांची नजर चुकली होती असे नव्हे. गुण होतेच. हुकला तो काळाचा हिशेब.

मयंक यादवची कथा याहून अलीकडची आणि याहून झटपट घडलेली. ३० मार्च २०२४ रोजी लखनौकडून पहिल्याच सामन्यात त्याने ताशी १५५.८ किलोमीटर वेगाने चेंडू टाकला. तीन दिवसांनी बंगळुरूत १५६.७. तिसऱ्या सामन्यात एक षटक टाकून तो मैदानाबाहेर गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो भारतासाठी खेळला, पुन्हा दुखावला, आणि २०२५ च्या आयपीएल हंगामात त्याच्या वाट्याला दोनच सामने आले. पहिल्या दोन सामन्यांनंतर ज्यांनी त्याला सर्व याद्यांच्या माथ्यावर बसवले, त्यांनीच वर्षभरात त्याला ‘दुखापतप्रवण’ ठरवले. दोन्ही वेळा लेखणी तीच होती, याची खंत कुठे दिसली नाही.

आता शरीराकडे वळू. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो त्या क्षणी त्याच्या वजनाच्या कित्येक पट भार शरीरातून वर चढतो. त्याच क्षणी कणा मागे वाकलेला, बाजूला झुकलेला आणि पिळवटलेला असतो. हा भार कमरेच्या मणक्यांच्या मागच्या बाजूच्या एका अरुंद हाडावर येतो, बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला. तिथे बारीक भेग पडते. एका आघाताने पडलेली ही भेग नसते. शेकडो चेंडूंची ती बेरीज असते. विशीतल्या मुलाचे हे हाड अद्याप पुरते पक्व झालेले नसते, त्यामुळे धोका त्या वयात सर्वाधिक. आणि अनेक दिवसांच्या विश्रांतीनंतर एकाएकी भार वाढला, तर तो आणखी वाढतो. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वयोगटानुसार मुलांनी सलग किती षटके टाकावीत आणि दिवसाकाठी किती, याची मर्यादा घालून दिली ती याच कारणाने.

हे वाचल्यावर राणीसावरगावच्या सरांचे वाक्य पुन्हा आठवावे: “दरसाली याच दिवसांत बसतंय.” पावसाळ्यात मैदान नाही. पुढे काढणीची, मळणीची कामे. मग हिवाळ्यात स्पर्धा सुरू होतात आणि चार-सहा महिने चेंडू हाती न धरलेला मुलगा दिवसात तीन-तीन सामने खेळतो. त्याच्या दुखण्याला पंचांग आहे. ज्या दुखण्याला पंचांग असते ते एकट्या पाठीच्या कच्चेपणातून येत नाही. त्याचे कारण बरेचसे वेळापत्रकात असते. सरांनी कारण बरोबर टिपले होते, फक्त ते लिहिले चुकीच्या रकान्यात.

इथे मराठवाड्यातल्या वाचकांना एक जुना शब्द आठवेल. १९७२ च्या दुष्काळानंतर सरकारी कागदांतून एक विशेषण आपल्या भाषेत रुळले: ‘अवर्षणप्रवण’. प्रवण म्हणजे उतरते, कललेले, एखाद्या गोष्टीकडे झुकणारे. पाऊस आकाशातून पडत नाही, आणि विशेषण मात्र जमिनीला लागते. जणू कोरडे राहण्याकडे त्या जमिनीचाच कल आहे. पाणी कोठे अडवले, कोणत्या पिकाला दिले, कोणत्या गावाला दिले नाही, हे सारे प्रश्न त्या एका विशेषणात विरघळून जातात. योजना आखणाऱ्यांना असा शब्द सोयीचा असतो आणि त्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पण भाषेचा परिणाम हेतूवर अवलंबून नसतो. ‘दुखापतप्रवण’ हा त्याच साच्यातून निघालेला शब्द आहे. त्यात चेंडू टाकायला लावणारा कोणी नाही, षटके मोजायला विसरलेला कोणी नाही, दोन हंगामांमधली विश्रांती विकणारा कोणी नाही. आहे तो केवळ एक मुलगा आणि त्याचा कल.

अशा याद्यांचा सर्वांत मोठा कारभार अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये आहे. तिथे प्रत्येक मोठ्या संघाखाली दुय्यम संघांची उतरंड असते, आणि मुले त्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षे घडत राहतात. ‘बेसबॉल अमेरिका’ हे नियतकालिक १९९० पासून अशा शंभर होतकरूंची क्रमवारी प्रसिद्ध करते. चेंडू फेकणाऱ्यांचे कोपर आणि खांदे इतक्यांदा निकामी झाले, की ‘होतकरू फेकणारा अशी चीजच अस्तित्वात नाही’ अशा अर्थाची म्हण तिथल्या जाणत्यांत पडली. १९७४ साली फ्रँक जोब या शल्यविशारदाने टॉमी जॉनच्या कोपरात त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायुबंध बसवला. जॉन १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. मात्र हा कारभार आपल्यापासून दूर आहे असेही नाही. २००८ साली उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू वेगाच्या एका स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्गच्या संघाने त्यांच्याशी करार केला. दोघांपैकी कोणीही सर्वोच्च पातळीवर पोहोचला नाही. रिंकूची पुढची वर्षे दुखापतींनी खाल्ली. त्यांच्यावर चित्रपट निघाला तो निवडीच्या उत्सवाचा. पुढच्या वर्षांना पटकथा मिळाली नाही.

आमच्यावर आक्षेप येईल, की यादीशिवाय निवड होणार कशी? आक्षेप रास्त आहे. परभणी जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो. राणीसावरगावच्या मुलाला पुण्याच्या निवड चाचणीसाठी रात्रभर प्रवास करून जावे लागते. तिथे त्याचे नाव कोणीतरी लिहून घेतले पाहिजे. नाव लिहिणे म्हणजे दाराची फट उघडणे. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ च्या युवा विश्वचषकातून पुढे आला, चेन्नईने त्याला दीड कोटीला घेतले, ते अशा फटीतूनच. तेव्हा यादी जाळा असे आमचे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच, की यादीबाहेरचा इतिहासही यादीशेजारी ठेवावा. खापरखेड्याच्या खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिस चेंडूनेच खेळत होता. कोणत्याही वयोगटाच्या क्रमवारीत तो मावला नसता. तो पुढे भारतासाठी ५७ कसोटी खेळला. श्रीरामपूरचा झहीर खान २००० साली वेगामुळे नजरेत भरला. मध्यंतरी दुखापतींनी घेरला आणि संघाबाहेरही गेला. २००६ चा उन्हाळा त्याने इंग्लंडमध्ये वूस्टरशरकडून खेळून काढला. तो परतला तेव्हा धाव आखूड झाली होती आणि डोके लांबचे पाहू लागले होते. ३११ कसोटी बळी आणि २०११ च्या विश्वचषकातले २१ बळी यांत त्या दुसऱ्या झहीरचा वाटा मोठा आहे. २००५ साली लावलेली कोणतीही क्रमवारी हा माणूस ओळखू शकली नसती.

झहीर ज्या चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये घडला, तिथले मुख्य गुरू होते डेनिस लिली. १९७३ साली लिलीच्या स्वतःच्या पाठीत अशाच भेगा पडल्या होत्या. कारकीर्द संपली असे मानले गेले. त्याने शरीर पुन्हा बांधले, शैली बदलली आणि १९७४-७५ च्या अ‍ॅशेस मालिकेत तो परतला. मोडलेल्या पाठीच्या माणसाने पुढे चेन्नईत पाठी घडवल्या, यात दैवाचा खेळ शोधण्याची गरज नाही. ज्याला वेळ आणि माणसे मिळाली तो परतला, एवढाच त्याचा अर्थ. जसप्रीत बुमराहलाही तो वेळ मिळाला. पाठीच्या दुखण्याने त्याचा २०२२ चा टी-ट्वेंटी विश्वचषक हुकला, २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि २०२४ या एका वर्षात त्याने ७१ कसोटी बळी घेतले. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात तो पाचपैकी तीनच कसोटी खेळला. मर्यादा आधीच ठरली होती. त्यावर टीकाही झाली. आम्हाला मात्र त्या मर्यादेत समंजसपणा दिसला. जो समंजसपणा जगातल्या सर्वोत्तम गोलंदाजाच्या वाट्याला दोन-तीनदा मोडल्यावर आला, तो सतरा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला मोडण्याआधी यायला हवा.

साहित्याच्या अभ्यासकांनी यात का पडावे, असे कोणी विचारील. आपलेही हात कोरडे नाहीत म्हणून. ‘आश्वासक’, ‘उदयोन्मुख’, ‘मोठ्या अपेक्षा बाळगाव्यात असा’ ही विशेषणे आपण पहिल्या संग्रहावर सढळ हाताने उधळतो, आणि दुसरा संग्रह आला नाही की कवी ‘थांबला’ म्हणतो. नोकरी, घर, गावाला ग्रंथालय नसणे, प्रकाशकाने वर्षानुवर्षे बाड ठेवून घेणे, यांतले काही आपल्या वाक्याच्या कर्तरी प्रयोगात येत नाही. थांबण्याची क्रिया सर्वस्वी कवीची. व्याकरण सोयीचे असले की न्याय करण्याची गरज उरत नाही.

म्हणून आमची मागणी माफक आहे. जो यादी करील त्याने पाच वर्षांनी तीच यादी पुन्हा छापावी आणि प्रत्येक नावापुढे काय झाले ते लिहावे. जो ‘दुखापतप्रवण’ लिहील त्याने शेजारी षटकांची संख्या लिहावी. ती ठाऊक नसेल तर विशेषण गाळावे. आणि शाळेतल्या सरांनी एक वही घालावी: तारीख, मुलाचे नाव, टाकलेले चेंडू, दुखणे. वीस रुपयांची वही कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक खरे सांगेल.

राणीसावरगावहून निघताना सरांना हे आम्ही बोलून दाखवले. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पण फायनलला त्यालाच बॉल देतात हो सगळे. मीबी त्यालाच देतो.” या प्रामाणिकपणापुढे आमच्याजवळ उत्तर नव्हते. परंतु पाठ कच्ची, हे शब्द त्या खेपेला त्यांच्या तोंडी आले नाहीत, हे आम्ही नोंदवून ठेवले आहे.