लव्हाळ्याला न मानवलेली समृद्धी

पुरापुढे वाकून तग धरणारा लव्हाळा संतवाणीमुळे मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. परंतु पुराला न हरणारे हे कुळ सुबत्तेपुढे हार खाते, हे सहसा ध्यानात येत नाही. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या दक्षिणेस पसरलेल्या एव्हरग्लेड्स या विस्तीर्ण पाणथळीचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

या पाणथळीवर शतकानुशतके सत्ता होती ती सॉग्रासची. लोक त्याला गवत म्हणत असले, तरी ते लव्हाळ्याच्या कुळातले. तेथील पाण्यात स्फुरदाचे प्रमाण मुळात अब्जात १० भागांहूनही कमी. या दारिद्र्याशी सॉग्रासने जुळवून घेतले. वाढ संथ ठेवली, पाने दीर्घकाळ टिकवली आणि पान वाळण्यापूर्वी त्यातील स्फुरद परत ओढून घेण्याची काटकसर अंगी बाणवली. पाणकणसाला हे तितकेसे साधत नाही. म्हणून ते तुरळकच उगवे.

१९६० नंतर अमेरिकेने क्यूबाची साखर बंद केली आणि पाणथळीच्या उत्तरेकडील सुमारे ७ लाख एकरांच्या शेतीपट्ट्यात ऊस झपाट्याने पसरला. खतातले आणि नांगरलेल्या दलदलीच्या मातीतले स्फुरद निचऱ्याबरोबर खाली वाहू लागले. त्यावर सॉग्रासही थोडेफार वाढते. पण पाणकणीस कितीतरी वेगाने वाढते, उंच होते, दाट सावली धरते. बांध-कालव्यांमुळे साचणारे खोल पाणीही त्याच्याच पथ्यावर पडते. संथपणाची सवय जडलेल्या सॉग्रासला प्रकाशासाठीची ही शर्यत झेपत नाही. टंचाईत जे बळ होते, तेच मुबलकतेत वैगुण्य ठरते.

पाणकणीसही हिरवेच, मग बिघडले काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याच्या दाटीत उघडे पाणी नाहीसे होते आणि पाणपक्ष्यांना चरायला जागा उरत नाही, हे त्याचे उत्तर.

हे नुकसान उसाच्या हिशेबवहीत कधी चढलेच नव्हते. १९८८ मध्ये केंद्र सरकारने राज्याच्या यंत्रणांवर दावा लावला. १९९४ च्या राज्य कायद्याने शेतीपट्ट्यातून वाहणाऱ्या स्फुरदात २५ टक्के कपात सक्तीची केली आणि पाणी गाळणाऱ्या कृत्रिम पाणथळी उभारण्याचे ठरविले. दीर्घकालीन सरासरीत कपात याहून अधिक झाली आणि ऊसही टिकला. शिस्तीने शेती बुडते, या ओरडीला याहून चोख उत्तर नाही.

खर्चाचा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटला नाही. १९९६ मध्ये मतदारांनी, प्रदूषण करणाऱ्यानेच प्रामुख्याने खर्च सोसावा, हे तत्त्व राज्यघटनेत घातले. परंतु त्याच मतदानात पौंडभर साखरेमागे एक सेंट आकारण्याचा प्रस्ताव फेटाळून लावला. तत्त्व मान्य, वसुली अमान्य!

मातीत मुरलेले स्फुरद दशकानुदशके तेथेच राहते. यास्तव खताची गोणी शेतात उघडतानाच निचऱ्याचाही खर्च धरला पाहिजे. उत्पादकाने तो धरला नाही, तर करदात्याला भरावा लागतो. करदात्यानेही हात आखडला, तर तो सॉग्रासच्या माथी येतो.