उत्सवात सखीचा विसर नको

आश्विन शुद्ध प्रतिपदेची पहाट. पत्रावळीवर काळी माती पसरून तीत धान्य पेरावयाचे, मधोमध घट ठेवावयाचा, नऊ दिवस अखंड तेवणाऱ्या नंदादीपाची वात नीट करावयाची, ही लगबग घराघरांप्रमाणे आमच्याही घरी चाललेली असते. नेमक्या त्याच वेळी आम्हां शिरोलीकरांच्या कानी महामार्गावरील अवजड वाहनांच्या घरघरीतून एक निराळा आवाज येऊ लागतो. तो 'उदो'चा गजर असतो. करवीरनिवासिनी अंबाबाईच्या चरणांपाशी ज्योत प्रज्वलित करून ती आपल्या गावच्या मंडपात नेणारी तरुण मुले अनवाणी धावत औद्योगिक वसाहतीसमोरून जात असतात. एकाच्या हाती ज्योत, मागे दहाबारा सोबती आणि त्यांच्या पाठीशी राखीव ज्योत जपणारा एखादा टेंपो, असे ते दृश्य असते.

काही वर्षांपूर्वी अशीच एक तुकडी आमच्या दाराशी थांबली होती. ज्योतीसाठी तेल हवे होते. घरातील वडीलधाऱ्या बाईंनी देवघरातील तेलाची बुधली आणून ज्योतीत तेल घातले, हळदकुंकू वाहिले आणि सर्वांत लहान मुलाच्या पायाकडे पाहून त्या गप्प झाल्या. त्याच्या टाचेला चिंधी बांधलेली होती. "बाळ, रस्त्याच्या कडेने जा रे," एवढेच त्या म्हणाल्या. मुलगा हसला व म्हणाला, "आजी, कडाच कुठं आहे?" आणि तुकडी पुढे निघून गेली.

मुलाने सहज काढलेले ते उद्गार आमच्या मनातून अद्याप गेलेले नाहीत. नवरात्राच्या निमित्ताने आज जे सांगावयाचे आहे, ते त्या एका वाक्यात सामावले आहे, असे आम्हांस वाटते.

रुसलेली त्र्यंबोली

करवीर क्षेत्रातील प्रत्येक भाविक कुटुंबास ललितापंचमीची कथा ठाऊक आहे. कोल्हासुराच्या वधानंतर त्याच्या पुत्राने, कामाक्षाने, योगदंडाच्या बळावर देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकले. त्या संकटातून देवांची सुटका केली ती अंबाबाईची सखी त्र्यंबोली हिने. परंतु पुढे जेव्हा विजयाचा सोहळा झाला, तेव्हा तिला बोलावण्याचेच राहून गेले. सखी रुसली आणि नगरीकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. चूक उमगताच प्रत्यक्ष जगदंबा आपला मोठेपणा बाजूस ठेवून, सर्व लवाजम्यासह तिची समजूत घालण्यास टेकडीवर गेली. म्हणून आजही पंचमीस देवीची पालखी मंदिरातून निघते, टेंबलाईच्या टेकडीवर जाते आणि तेथे कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडण्याचा विधी होतो.

या कथेचे मर्म काय? ज्याच्या बळावर उत्सव उभा राहतो, नेमका त्याचाच उत्सवाच्या धामधुमीत विसर पडतो. आणि असा विसर पडला, तर मोठ्यानेच पुढे होऊन त्याच्या दारी जावयाचे असते. देवीने घालून दिलेला हा वस्तुपाठ आज आपल्या राज्याच्या पर्यटनविचारास लावून पाहण्याची वेळ आली आहे.

थाटाचे आमंत्रण

पर्यटनाच्या बाबतीत महाराष्ट्र शासन उदासीन आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. १९७५ साली पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. २०२४ साली राज्याने नवे पर्यटन धोरण आणले. आमच्या जिल्ह्याच्या पदरात तर अलीकडे भाग्याचे माप भरभरून पडले आहे. २०१२ साली सह्याद्रीला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात राधानगरीच्या अभयारण्याचा समावेश झाला. २०२५ च्या जुलैमध्ये छत्रपती शिवरायांच्या स्वराज्याशी निगडित बारा दुर्ग जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत आमचा पन्हाळा आहे. त्याच वर्षी मे महिन्यात चौंडी येथे झालेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत अंबाबाई मंदिराच्या विकास आराखड्यास १,४४५ कोटी रुपयांहून अधिक आणि जोतिबा मंदिराच्या आराखड्यास २५९ कोटी रुपयांहून अधिक रकमेची मान्यता मिळाली.

या सर्वांचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु आराखडा म्हटला की वाहनतळ, प्रवेशद्वार, दर्शनमंडप आणि भक्तनिवास यांची चर्चा प्रथम होते. मोटारीतून येणारा पाहुणा कोठे उतरेल, कोठे राहील, याची काळजी घेतली जाते, आणि ती घ्यावयासच हवी. तथापि, ज्या माणसाने शेकडो वर्षे पायी चालून ही क्षेत्रे जागती ठेवली, त्या यात्रेकरूचे नाव आमंत्रितांच्या यादीत कितवे? तो आजच्या विजयोत्सवातील त्र्यंबोली तर ठरत नाही ना?

यात्रा हेच आपले मूळ पर्यटन

'पर्यटन' हा शब्द सरकारी कागदांवर रुळण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी माणूस फिरत आला आहे. तो देवाच्या निमित्ताने घराबाहेर पडे. वाटेत नदी लागे, घाट लागे, गड दिसे, परगावच्या माणसाच्या ओसरीवर मुक्काम पडे. चैत्री पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर उंच सासनकाठ्या नाचविणाऱ्या शेतकऱ्याला देवदर्शन तर घडेच, पण १७३० साली राणोजी शिंद्यांनी उभारलेल्या मंदिराचे कोरीव काम, शेजारच्या पन्हाळ्याची तटबंदी आणि खाली पसरलेला पंचगंगेचा हिरवा पट्टा हेही तो डोळे भरून पाही. धर्म, व्यायाम, इतिहास आणि निसर्ग यांच्या चार वेगळ्या सहली त्याला काढाव्या लागत नसत.

आमच्या परिसराएवढा या दृष्टीने संपन्न मुलूख क्वचितच असेल. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे. भर पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढून दत्तप्रभूंच्या पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडू लागले की त्या स्नानासाठी भाविकांची रीघ लागते. पुढे खिद्रापूरला कोपेश्वराचे शिलाहारकालीन मंदिर. त्याच्या स्वर्गमंडपाचे छत मध्यभागी गोल उघडे ठेवलेले आहे. त्याखाली उभे राहून आकाशाचा तो वर्तुळाकार तुकडा पाहताना शिल्पकाराने दगडातून साधलेली प्रार्थना समजते. तेथे महादेवासमोर नंदी नाही. तो कर्नाटकातील यडूरला आहे, असे लोक श्रद्धेने सांगतात. आळत्याजवळचे रामलिंग, कुंभोजजवळची बाहुबलीची टेकडी, टोपची भव्य गणेशमूर्ती, ही तर आमची हाकेच्या अंतरावरील ठिकाणे.

असे असूनही बाहेरगावचा पाहुणा करतो काय? पहाटे येतो, रांगेत उभा राहतो, दर्शन घेतो, जेवतो आणि दुपारी परततो. त्याचे चुकते असे नाही. 'दोन दिवस राहा, हेही पाहा' असे त्याला आग्रहाने सांगणारे कोणी भेटत नाही. तो एक मुक्काम वाढवील तर खानावळवाल्यापासून गुळाच्या व्यापाऱ्यापर्यंत आणि चप्पल शिवणाऱ्या कारागिरापर्यंत अनेकांच्या चुली त्यावर पेटतील. कोल्हापुरी गूळ आणि कोल्हापुरी चप्पल या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मानांकनाचे चीज व्हावयाचे तर गिऱ्हाईक कारागिराच्या दारापर्यंत पोहोचले पाहिजे.

शिरोलीची जागा

हे सारे शिरोलीने का सांगावे, असे कोणी विचारील. येथे ओतशाळांची धुराडी आहेत, लोखंडाचा रस आहे, यंत्रांचा खडखडाट आहे. पर्यटनाशी या वसाहतीचा संबंध काय?

संबंध असा की, आम्ही करवीर नगरीच्या उंबरठ्यावर राहतो. पुण्याकडून येणारा महामार्ग आणि सांगली-मिरजेकडून येणारा रस्ता आमच्यापाशी एकत्र येतात. पुढे पंचगंगेचा पूल ओलांडला की देवीची नगरी. उंबरठा कसा आहे, यावरून पाहुणा घराची परीक्षा करतो. आणि आमचा उंबरठा आज पायी येणाऱ्यास सुरक्षित नाही. रात्रपाळी सुटलेला कामगार, सायकलवरून घरी निघालेला वृद्ध, ज्योत घेऊन धावणारा मुलगा आणि ओटीचे साहित्य घेऊन चालणारी माउली, हे सर्व एकाच अरुंद पट्टीवरून मालमोटारींच्या वाऱ्यात जीव मुठीत धरून चालतात.

उंबरठ्याचे कर्तव्य आम्ही अगदीच विसरलो आहोत असेही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली. त्या वेळी अडकून पडलेल्या परप्रांतीय वाहनचालकांना या परिसरातील लोकांनी जेवू घातले. जोतिबाच्या यात्रेत वाहने दुरुस्त करणारे कारागीर आपली हत्यारे घेऊन वाटेवर बसतात आणि मोबदला न घेता यात्रेकरूंची सेवा करतात. लोकांची वृत्ती शाबूत आहे. उणीव आहे ती व्यवस्थेची.

मागणे थोडके

म्हणून आमचे मागणे फार मोठे नाही. महामार्गाच्या सातारा ते कागल या टप्प्याचे सहापदरीकरण हाती घेण्यात आलेले आहे. त्यातच सांगली फाट्यापासून पुलापलीकडे शहरात शिरेपर्यंत पायी चालणाऱ्यांसाठी कठडा असलेली स्वतंत्र वाट बांधून काढावी. घटस्थापना आणि चैत्री पौर्णिमा यांच्या आदल्या रात्री रस्त्याची एक बाजू ज्योत आणि सासनकाठी नेणाऱ्यांसाठी राखून ठेवावी. वाटेवर ठराविक अंतराने पाणी, सावली आणि स्त्रियांसाठी स्वच्छ आडोसा असावा. या शेवटच्या गोष्टीअभावी किती माताभगिनींनी पायी यात्रेचा नवस मनातच ठेवला असेल, हे घरोघरच्या स्त्रियांनाच विचारावे. आणि प्रत्येक विसाव्यावर मराठी, कानडी व हिंदी फलक लावून खिद्रापूर, नृसिंहवाडी, पन्हाळा आणि राधानगरीची वाट दाखवावी. कोट्यवधींच्या आराखड्यांत या खर्चाचा भार तो किती?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आमच्यासारख्या श्रद्धावंत घरांतूनच येईल. पर्यटन वाढले की पावित्र्य घटते, क्षेत्राची सहलीची जागा होते, असे अनेकांस वाटते. ही भीती निराधार नाही. २०२१ च्या पावसात पन्हाळ्याचा रस्ता खचला, तेव्हा डोंगर किती भार सोसणार, हा प्रश्न साऱ्यांनाच पडला. गडाच्या तटावर नावे कोरणारे आणि तीर्थाच्या घाटावर प्लास्टिक टाकणारे महाभाग आपण पाहतोच. परंतु यावरचा उपायही पायवाटच आहे, असे आमचे नम्र मत आहे. चालत येणारा मनुष्य डोंगरावर भार टाकीत नाही. ज्याने घाम गाळून शिखर गाठले, त्याच्या हातून तेथे कचरा टाकला जाण्याचा संभव कमी. दर वर्षी जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड ही वाट पावसातून तुडविणारे तरुण पाहावेत. बाजीप्रभूंच्या बलिदानाचा १६६० सालचा इतिहास त्यांना पाठ करावा लागत नाही, तो त्यांच्या पायांना कळतो.

आपल्याही वाट्याचे

सरकारकडे बोट दाखवून आपण मोकळे व्हावे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. खंडेनवमीला या वसाहतीत यंत्रांची पूजा होते. भट्टी, लेथ, हातोडा यांना गंधफूल वाहिले जाते, झेंडूच्या माळा चढतात. ज्या हातांनी लोखंडाला आकार दिला त्यांचा तो सन्मानाचा दिवस. त्या दिवशी कारखान्यांची दारे आपल्या मुलाबाळांसाठी आणि जमल्यास वाटेच्या पाहुण्यांसाठीही काही काळ उघडावीत. ओतकाम हाही कोल्हापूरचा वारसाच आहे. बिहार आणि ओरिसाकडून येथे पोटासाठी आलेल्या कामगार बांधवांना एखाद्या सुटीच्या दिवशी जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळा दाखवून आणावा. जो आपल्या शेजारी राहूनही परका आहे, तोही एक रुसलेला सखाच नव्हे काय? आणि प्रत्येक कुटुंबाने एवढा तरी नेम करावा, की वर्षातून एक क्षेत्र मुलांना पायी चालवून दाखवू आणि जेथे जाऊ तेथली जागा आलो त्याहून स्वच्छ ठेवून परतू.

अंबाबाईच्या मंदिरात वर्षातून दोनदा किरणोत्सव होतो. नोव्हेंबरच्या ९, १० व ११ तारखांना आणि पुढे ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून येतात आणि चरणांपासून मुखापर्यंत देवीला स्पर्श करतात. त्या किरणांच्या वाटेत कोणती इमारत, कोणती तार आडवी येते, याची तज्ज्ञ मंडळी पाहणी करतात आणि अडथळे दूर करण्याचा आग्रह धरतात. ते योग्यच आहे. सूर्याला देवीच्या चरणांपर्यंत मोकळी वाट मिळावी म्हणून जी नगरी एवढी दक्ष असते, तिने अनवाणी पावलांसाठीही तेवढीच मोकळी वाट मोजून द्यावी.

यंदाही घट बसतील, पहाटे ज्योत येईल, आमच्या दाराशी तेल मागितले जाईल. ते आम्ही आनंदाने घालू. फक्त "कडेने जा रे बाळ" असे सांगताना त्या बाळाला चालावयास कडा असावी, एवढे दान जगदंबेने राज्यकर्त्यांच्या आणि आपल्या सर्वांच्या बुद्धीत घालावे, हीच या नवरात्रात तिच्या चरणी प्रार्थना.