इंग्रजीतले एम. ए. आणि मराठीचे देणे

पदवी परीक्षेचे निकाल लागले की मध्यमवर्गीय घरांतून एक चर्चा हमखास झडते. मुलगी बी. ए. झाली आहे, गुण बरे आहेत आणि तिला इंग्रजी वाङ्मय घेऊन एम. ए. करायचे आहे. वडिलांना त्यात नोकरी दिसते, आईला प्रतिष्ठा दिसते आणि शाखेत जाणाऱ्या काकांच्या कपाळावर आठी उमटते. इंग्रजांना जाऊन इतकी वर्षे झाली, आता शेक्सपिअर वाचून देशाचे काय भले होणार, असे ते विचारतात. या सगळ्या बोलण्यात वाङ्मय हा शब्द कोणीच उच्चारत नाही. मुलीच्या मनात तो कदाचित असेल, पण तिला विचारतो कोण?

नोकरीची बाजू आधी उरकून घेऊ. इंग्रजीचे एम. ए. म्हणजे फर्डे इंग्रजी बोलायला शिकवणारा दोन वर्षांचा वर्ग, ही समजूत चुकीची आहे. तेथे चॉसर, मिल्टन, वर्ड्‌स्वर्थ, कादंबरीचा इतिहास, समीक्षेचे सिद्धान्त आणि भाषाशास्त्र असते. संभाषणाचा सराव नसतो. पुढे 'नेट' किंवा 'सेट' उत्तीर्ण होऊनही अनेकांना तासिका तत्त्वावर, दर तासामागे मिळणाऱ्या मानधनावर, वर्षानुवर्षे राबावे लागते. केवळ पोटासाठी हा मार्ग धरणाऱ्याने हे हिशेबात धरलेले बरे.

आता काकांच्या आठीविषयी. आपल्या वर्तुळात हा विषय निघाला की मेकॉलेचे नाव निघतेच, आणि ते निघणे योग्य आहे. १८१३च्या सनदी कायद्याने हिंदुस्थानातील विद्येसाठी वर्षाला एक लाख रुपयांची तरतूद केली. ते संस्कृत-अरबीच्या अध्ययनावर खर्चावेत की इंग्रजीवर, हा वाद वीस वर्षे रेंगाळला. २ फेब्रुवारी १८३५ला मेकॉलेने आपले टिपण लिहिले आणि पुढच्याच महिन्यात बेंटिंकने इंग्रजीच्या बाजूने निर्णय दिला. इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापन हे येथील राज्यकारभाराचे साधन कसे बनले, याचा शोध गौरी विश्वनाथन यांनी १९८९च्या 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' या ग्रंथात घेतला आहे. कालक्रम तर बोलका आहे. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या विद्यापीठांची स्थापना १८५७ची. लंडनच्या नव्या महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवले जात असले, तरी ऑक्सफर्डने त्याला स्वतंत्र पदवीचा मान दिला तो १८९४मध्ये आणि केंब्रिजने १९१७मध्ये. स्वतःच्या मुलांना ग्रीक-लॅटिनवर पोसणाऱ्या या विद्यापीठांना आपल्या भाषेतील काव्य पदवीच्या योग्यतेचे वाटायच्या कितीतरी आधी, येथील मुले ते परीक्षेसाठी पाठ करीत होती.

पण याच संदर्भात एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. मेकॉलेचे म्हणून एक भाषण आपल्याकडे वर्षानुवर्षे फिरते आहे. 'मी हिंदुस्थानभर फिरलो, मला एकही भिकारी वा चोर आढळला नाही. या राष्ट्राचा कणा मोडायचा तर त्याची शिक्षणपद्धती बदलली पाहिजे' अशा आशयाचे. पत्रकांवर, भित्तिपत्रकांवर, अलीकडे प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीवर ते येते आणि ब्रिटिश संसदेतील भाषण म्हणून त्यावर तारीख असते २ फेब्रुवारी १८३५. मेकॉले १८३४च्या जूनमध्येच हिंदुस्थानात उतरला होता. त्या दिवशी तो कलकत्त्यात होता. संसदेत भाषण करणार कसा? त्याच्या खऱ्या टिपणात संस्कृत आणि अरबी ग्रंथसंपदेविषयी जी तुच्छता आहे, ती आपला युक्तिवाद सिद्ध करायला पुरेशी आहे. मग बनावट पुराव्याची गरज कोणाला पडावी? ज्याने मूळ कागद उघडून पाहिलेला नाही, त्याला. मूळ संहिता काढणे, तिची तारीख तपासणे, वाक्य कोणी कोणाला उद्देशून लिहिले ते पाहणे ही वाङ्मयाच्या पदव्युत्तर अभ्यासातली प्राथमिक शिस्त आहे. ती शिस्त अंगी असलेली दहा-वीस मुले आपल्या कार्यकर्त्यांत असती, तर हे भाषण एवढा प्रवास करू शकले नसते.

म्हणून विषय वर्ज्य करण्यात शहाणपण नाही. तो कोठे उभे राहून वाचायचा, हा खरा प्रश्न आहे.

टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' ही १९२२ची कविता इंग्रजीच्या एम. ए.ला बहुधा सर्वत्र असते. एलियटने हार्वर्डमध्ये लॅनमन यांच्याकडे संस्कृतचे आणि वुड्स यांच्याकडे भारतीय दर्शनांचे धडे घेतले होते. कवितेचा शेवटचा भाग बृहदारण्यक उपनिषदातील कथेवर उभा आहे. देव, मानव आणि असुर ही प्रजापतीची तिन्ही अपत्ये उपदेश मागतात. प्रजापती प्रत्येकाला 'द' एवढे एकच अक्षर सांगतो. भोगात रमलेले देव त्यातून दमन घेतात, लोभी माणसे दान घेतात, क्रूर असुर दया घेतात. मेघगर्जनेतून आजही तेच अक्षर ऐकू येते, असे उपनिषद सांगते. देव आणि असुर हे माणसांहून निराळे नाहीत, हे माणसांचेच तीन स्वभाव आहेत, असाही अर्थ शंकराचार्यांच्या भाष्यात आला आहे.

एलियटने हा क्रम बदलला. त्याच्याकडे दान आधी येते, मग दया आणि शेवटी दमन. उपनिषदात माणसाला दिलेला उपदेश त्याने पहिल्या जागी का नेला असेल? महायुद्धाने पोळलेल्या युरोपला कोणती गोष्ट आधी ऐकवावी असे त्याला वाटले? एम. ए.च्या वर्गात यावर तासभर वाद व्हावा, असा हा प्रश्न आहे. गंमत अशी की एलियटने स्वतः जोडलेल्या टिपेत संदर्भ पाचव्या अध्यायाच्या पहिल्या ब्राह्मणाचा दिला आहे आणि कथा आहे दुसऱ्यात. भाषांतरासाठी त्याने वाचकाला पाठवले ते डॉयसन या जर्मन पंडिताकडे. इंग्रज वाचकाला तेवढाच आधार होता. आपल्या मुलाला मात्र उपनिषदाचे मराठी भाषांतर गावच्या वाचनालयात मिळू शकते, आणि घरात संध्येचे किंवा हरिपाठाचे वळण असेल तर 'शांतिः' हा शब्द तीनदा का उच्चारतात हेही त्याने आजोबांकडून ऐकलेले असते. कवितेच्या या टोकाशी तो लंडनच्या विद्यार्थ्यापेक्षा जवळ उभा आहे.

प्रत्यक्षात घडते ते असे. विद्यार्थी बाजारातले गाईड आणतो. त्यात कथेचा सारांश पाच ओळींत इंग्रजीतून दिलेला असतो आणि तो पाठ होतो. आपल्याच उपनिषदाचा अर्थ त्याला चौथ्या हातून मिळतो: संस्कृतातून जर्मनमध्ये, तेथून इंग्रज टीकाकाराकडे आणि शेवटी गाईडकाराकडे. काही विद्यापीठांनी भारतीय काव्यशास्त्र अभ्यासक्रमात आणले, ही समाधानाची बाब आहे. पण भरताचा रसविचार आणि आनंदवर्धनाचा ध्वनिविचारही त्याच गाईडमधून येत असेल तर बदलले काय? केंब्रिजमध्ये लीव्हिस यांच्याकडे शिकलेल्या सी. डी. नरसिंहय्या यांनी १९७९मध्ये म्हैसूरला आपल्या संशोधनकेंद्राला 'ध्वन्यालोक' हे नाव दिले, तेव्हा त्यांच्या मनात दोन्ही परंपरांना समोरासमोर बसवायचे होते. आपल्याकडील किती इंग्रजी विभागांत हे घडते?

वृत्तपत्राच्या संपादकीय विभागात उमेदवारांची भाषांतराची परीक्षा घेण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे काही वर्षे होते. इंग्रजी घेऊन एम. ए. झालेले उमेदवार मोठ्या संख्येने येत. 'इन कोल्ड ब्लड' याचे 'थंड रक्ताने' असे भाषांतर करणारे त्यांत अनेक असत. इंग्रजी त्यांना ठीक येई. अडत असे ते मराठीपाशी. दोन भाषांतील पदवी हातात असून एकाही भाषेत घर नाही, अशी ही अवस्था आहे आणि तिचा दोष एकट्या विद्यार्थ्यावर टाकता येणार नाही. त्याच्या दोन वर्षांत मराठी वाक्य लिहायची वेळ त्याच्यावर कोणी आणलीच नव्हती.

हे असेच चालत आलेले नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर इंग्रजी विद्येवर वाढले आणि १८७४मध्ये त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली ती मराठीसाठी. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव'. अरविंद घोष केंब्रिजहून परतले आणि बडोद्याच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवता शिकवता संस्कृत आणि आपली मातृभाषा बंगाली शिकले. मराठीतील चार ज्ञानपीठ विजेत्यांपैकी दोघे, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे, इंग्रजीचे प्राध्यापक होते. नेमाड्यांची अनेक मते या स्तंभाच्या वाचकांना पटणार नाहीत. पण आयुष्यभर इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाने देशीवादाची मांडणी करावी, यातला अर्थ नजरेआड करू नये. विंदांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र, 'फाउस्ट' आणि 'राजा लिअर' मराठीत आणले, आणि त्याच हातांनी ज्ञानदेवांच्या 'अमृतानुभवा'ला अर्वाचीन मराठी रूप दिले. धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या जी. ए. कुलकर्णींची कथा इंग्रजी अजिबात न येणाऱ्या मराठी वाचकानेही डोक्यावर घेतली.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांत २०२३-२४पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाची रचना बदलू लागली. त्यात संशोधनपद्धती आली, प्रकल्प आला आणि प्रत्यक्ष कार्यानुभवही आला. विज्ञानाचा विद्यार्थी कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत जाईल. इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने कोठे जायचे, असा पेच प्राध्यापकांना पडलेला दिसतो. वास्तविक उत्तर दारात उभे आहे. तालुक्याच्या वाचनालयात, मराठी प्रकाशकाकडे, साप्ताहिकाच्या कचेरीत त्याला भाषांतराला बसवावे. प्रकल्प म्हणून एखाद्या टीकाग्रंथाच्या प्रकरणाचे सारांश-लेखन करण्यापेक्षा त्याने एक मराठी कथा इंग्रजीत आणि एक इंग्रजी निबंध मराठीत करावा, आणि तोंडी परीक्षेत प्रत्येक शब्दाची निवड का केली ते सांगावे. संगणक आज क्षणात भाषांतर करून देतो हे खरे; पण ते कोठे फसले हे सांगणारा माणूस लागतोच आणि तो दोन्ही भाषांत मुरलेला असावा लागतो.

काम किती पडले आहे, याचे एकच उदाहरण देतो. महानुभावांची राजधानी असलेल्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. ज्या आद्य गद्याच्या बळावर आपण हा दावा केला, त्यात गोविंदप्रभूंच्या रिद्धपुरातील लीळा आहेत. त्या इंग्रजीत आणल्या अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने, १९८४मध्ये. त्याच बाईंनी केलेल्या 'लीळाचरित्रा'च्या इंग्रजी भाषांतराचा पहिला खंड अगदी अलीकडे, २०२४मध्ये, अमेरिकेतून प्रसिद्ध झाला. त्यांनी त्यासाठी मराठी शिकून घेतली, पोथ्या वाचल्या, महानुभाव मंडळींत वावरल्या. त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. या चाळीस वर्षांत विदर्भातील महाविद्यालयांतून इंग्रजी घेऊन एम. ए. झालेल्या मुलामुलींच्या किती तुकड्या बाहेर पडल्या? रिद्धपूरला जायला त्यांना एसटीचे तिकीट पुरले असते. त्यांच्यापैकी कोणाला तेथे जा, असे वर्गात कोणी सांगितले होते काय?