शेपटी पिवळी की काळी?

खारं पाणी / दर्यावर्दी

कल्ला उचलून बांगडा आजचा की कालचा हे सांगणारी आपली माणसं. तीच सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबाला उतरतात आणि वर आल्यावर ‘काय पाहिलंत?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘कलरफुल मासे!’ त्यावर तक्रार, निमो काही दिसला नाही.

मी तरी कुठला शहाणा? गेल्या हिवाळ्यात होडीत चढता चढताच मी जाहीर केलं, ‘मूरिश आयडल पाहिला!’ पांढरं अंग, रुंद काळे पट्टे, पाठीवरून मागे गेलेला लांब तुरा. मला खाली नेणाऱ्या पोराने टाकी उतरवत शांतपणे विचारलं, ‘काका, शेपटी पिवळी होती काय काळी?’ मागे कुठेतरी पिवळं होतं खरं, पण ते दोघांनाही असतं. मूरिश आयडलची शेपटी काळी आणि तोंड नळीसारखं पुढे आलेलं. व्हिडिओ पाहिला तर शेपटी पिवळीधमक, तोंड आखूड. म्हणजे बॅनरफिश.

रंगावर भिस्त ठेवली की असंच होतं. लाल रंग तर पाच-दहा मीटरांतच विझत जातो. तांबडा मासा राखाडी दिसू लागतो. शिवाय वय वाढलं की कित्येक मासे कपडेच बदलतात. अंदमानात दिसणारा एम्परर एंजलफिश लहानपणी गडद निळा, अंगावर पांढरी वर्तुळं; मोठेपणी पिवळ्या-निळ्या आडव्या रेघा. जुन्या शास्त्रज्ञांनी पिल्लाला वेगळी जात समजून निकोबारच्या नावाने त्याचं बारसंही उरकलं होतं! तेव्हा आधी अंगाची ठेवण बघावी, मग तोंड, मग शेपटी. पट्टे मोजावेत. आणि मुख्य म्हणजे मासा करतोय काय, ते बघावं.

नेमकं तेच आपण बघू देत नाही. खाली गेल्यावर फोटोसाठी पाव कुस्करायची जी पद्धत पडली आहे, तिचा मला मनस्वी राग येतो. पावावर सार्जंट मेजरची झुंड तुटून पडते, पर्यटक खूश. पण याच जातीचा नर एरवी खडकावर चिकटवलेल्या जांभळट अंड्यांची राखण करतो, जवळ येईल त्याच्या अंगावर धावून जातो. पावाच्या गर्दीत हे कोणाला दिसणार?

सार्जंटही एकाच जातीचे नसतात. पाच काळे पट्टे असले तर इंडो-पॅसिफिक; सहा-सात आणि बारीक असले तर बंगाल सार्जंट. पुढच्या खेपेला मी पाव नको म्हणून आधीच बजावलं आणि एका खडकासमोर गुडघे पोटाशी घेऊन तरंगत राहिलो. पाणी गढूळ. एक जण हातभर अंतरावर आला. एक, दोन, तीन, चार… पाचव्यापाशी त्याने तोंड माझ्याकडे वळवलं आणि पट्टे दिसेनासे झाले.