हवा मोजणारं शहर

दिवाळीच्या दिवसांत दिल्ली, नोएडा, गुडगावात सकाळी उठल्यावर आधी मोबाइलवर हवेचा आकडा पाहिला जातो. नातवंडांना खाली खेळायला पाठवायचं का, आजोबांनी फिरायला जायचं का, हे त्यावर ठरतं. ही सवय लावण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. तिथल्या पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१०च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांसाठी दिल्लीत ‘सफर’ ही यंत्रणा उभारली आणि हवेचा अंदाज पावसाच्या अंदाजासारखा लोकांपर्यंत पोहोचू लागला. २०१५मध्ये हवेच्या गुणवत्तेचा राष्ट्रीय निर्देशांक आला. आता शून्य ते पाचशेची ती पट्टी शाळकरी मुलांनाही पाठ आहे.

‘स्मार्ट सिटी’ म्हटलं की कॅमेरे, सिग्नल, चालकाविना धावणारी मेट्रो डोळ्यांपुढे येते. आम्हाला मात्र हा हवेचा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो नुसती माहिती देऊन थांबत नाही. तो चढला की ‘ग्रॅप’चे, म्हणजे प्रदूषणाच्या पातळीनुसार ठरलेल्या निर्बंधांचे, टप्पे लागू होतात. शाळा ऑनलाइन भरतात, ट्रक हद्दीवर अडतात, बांधकामं थांबतात.

बांधकाम थांबतं, म्हणजे गवंड्याची आणि बिगाऱ्याची रोजी थांबते. बिहार, बुंदेलखंडातून आलेला हा माणूस सकाळी लेबर चौकात उभा राहतो आणि दुपारी रिकाम्या हाताने परततो. बंद खोलीत हवा शुद्ध करणारं यंत्र लावून बसण्याची सोय त्याला नाही. सगळ्यांत वाईट हवा त्याच्याच छातीत जाते आणि ती सुधारण्याचा खर्चही त्याच्याच खिशातून होतो. हे आम्हाला अन्यायाचं वाटतं.

पैसा नाही असंही नाही. १९९६च्या कायद्याने सुरू झालेला बांधकाम खर्चावरचा किमान १ टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी गोळा होतो. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातूनच काम थांबलेल्या कामगारांना निर्वाह भत्ता देण्यास सांगितलं. तरीही तो वेळेवर पोहोचला नाही म्हणून डिसेंबरात राज्यांच्या मुख्य सचिवांना जाब विचारावा लागला. शिवाय भत्ता बांधकाम कामगार म्हणून नोंदणी असलेल्यालाच, आणि नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या नाक्यावर राबणाऱ्याने तो आणायचा कुठून?

या अंकाचा मोठा भाग आम्ही दिल्लीतल्या कष्टकऱ्यांना दिला आहे, तो याच अस्वस्थतेतून. वाचकांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा देताना दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान या चारही सरकारांकडे आमचं एक मागणं आहे. कामबंदीचा आदेश ज्या दिवशी निघेल, त्याच दिवशी भत्ता कामगाराच्या खात्यात जमा व्हावा, आणि नोंदणीचं टेबल लेबर चौकातच मांडलं जावं, थंडी पडायच्या आत.