बोदलकशाला समुद्राशी काय कर्तव्य?

समुद्र आणि बदलते हवामान यांवरील कलाप्रदर्शनांची गोष्ट काढली, की विदर्भातील वाचक सहज म्हणेल, "हे वसई-मुंबईकरांचे कौतुक. आमच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकशाला समुद्राशी काय कर्तव्य?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यातच आपली चूक दडलेली आहे. बोदलकशाचा जलाशय ज्या पावसाने भरतो, तो अरबी समुद्रावरून आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे वारे आणतात. आणि या परिसराचे पाणी वैनगंगेतून प्राणहितेला, प्राणहितेतून गोदावरीला मिळून अखेर बंगालच्या उपसागरातच जाते. पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्र शोषून घेतो. तो तापला तर पावसाची घडी विस्कटते, आणि ती विस्कटली की तिरोड्याचा धानकरीही सुटत नाही.

म्हणूनच आज समुद्रावर जी सामूहिक कला उभी राहत आहे, तिच्याविषयी दोन कठोर शब्द बोलणे मला आवश्यक वाटते. तिच्यातही खरे आणि खोटे असे दोन प्रकार आहेत.

खरा प्रकार प्रथम पाहू. मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या जुळ्या बहिणींनी २००५ मध्ये लॉस एंजेलिसला लोकरीचे प्रवाळ विणायला घेतले. प्रत्येक ओळीत ठरावीक अंतराने टाके वाढवीत गेले, की विणकामाच्या कडा चुणीदार होत प्रवाळासारख्या फुलतात. हे गणित डायना तायमिन्या या गणितज्ज्ञ बाईंनी १९९७ मध्ये क्रोशाच्या सुईने सिद्ध केले होते. पुढे देशोदेशीच्या हजारो विणकरांनी, त्यांत बहुसंख्य स्त्रियांनी, त्या प्रवाळबेटात आपापला तुकडा जोडला. २०१९ मध्ये हे काम व्हेनिसच्या बिएनालेत मांडले गेले. प्लॅस्टिकच्या पिशव्यांपासून विणलेले प्रवाळही त्यात आहेत. म्हणजे समुद्राला मारणारी वस्तूच साक्षीला उभी केली आहे. आपल्या आया-आत्यांनी जे क्रोशाचे काम वेदीवरील वस्त्राच्या काठासाठी केले, तेच येथे जगापुढे कला म्हणून उभे आहे.

आता खोटा प्रकार. शहरातील दालनात निळा प्रकाश, लाटांचा ध्वनिमुद्रित आवाज, पडद्यावर मासे. आणि भिंतीवर एका वृद्ध कोळ्याचे छायाचित्र, ज्याखाली त्याचे नावही नाही! पाण्यावर ज्यांचे पोट आहे, त्यांचा हात आणि त्यांचे नाव ज्या कलाकृतीत नाही, ती समुद्राविषयीची कला नव्हे. ती समुद्राची आरास होय. उत्तन किंवा पाचूबंदरच्या कोळ्याला डोल कोणत्या ओढीला लावायची हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याला केवळ पोशाखापुरते बोलावणे हा कलेचा अपमान आहे, तसाच माणसाचाही.

याहून निराळी वाट महाराष्ट्रातच आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्यानंतर अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा यांनी २००९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात नकाशे व रेखाटने मांडून दाखविले, की मुंबई म्हणजे पाण्याबाहेर रेघ ओढून वेगळी केलेली जमीन नव्हे; ती खाडीच आहे. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातील शिल्पकार पराग तांडेल तर स्वतः कोळी आहेत. आपल्या समाजाच्या स्मृती जपण्याचे काम त्यांनी आपल्याच हाती घेतले. तेथे कोळी हा विषय नाही, कर्ता आहे.

कोणी म्हणेल, लोकर विणल्याने समुद्र थंड होत नाही. मान्य! २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगातील प्रवाळांच्या चौथ्या व्यापक विरंजनाची घोषणा केली. ते कोणत्याही प्रदर्शनाने थांबले नाही. कला औषध नव्हे. पण ज्याच्यावर आपले प्रेम नाही त्याला वाचविण्यासाठी कोणी पदर खोचत नाही, आणि शेकडो हात जेव्हा एकाच वस्तूवर महिनोन्‌महिने खपतात तेव्हा ते प्रेम जडते. गोंदिया जिल्ह्यातच याचा पडताळा आहे. शालू कोल्हे आणि त्यांच्यासारख्या ढिवर स्त्रियांनी तलावांतील बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, मासळीला पुन्हा आसरा दिला. त्या कामाला कोणी कला म्हटले नाही. मला विचाराल तर अनेक दालनांपेक्षा ती मोठी सामूहिक कलाकृती आहे.

वाचकहो, १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा 'सृष्टीचा काळ' आपण धर्मग्रामांत पाळतो. त्या वेळी मुलांकडून थर्माकोलचे मासे कापून घेऊन 'समुद्र वाचवा' असा फलक लावायचा, आणि आठवड्याने तोच थर्माकोल नाल्यात सोडायचा, ही फसवणूक आता पुरे झाली. टाकाऊ जाळ्यांचे, जुन्या लुगड्यांचे, लोकरीचे काम करा. कोळी आणि ढिवर बंधुभगिनींना आधी बोलवा, त्यांचे शिकवणे ऐका, आणि कामावर प्रत्येकाचे नाव लिहा. मग ते काम वसईत मांडा की बोदलकशाच्या काठी, पाणी एकच आहे. आपण मात्र अजून त्याचे वेगवेगळे मालक असल्यासारखे वागतो आहोत.