आकडा हा आरसा, अलंकार नव्हे

कोरोनाची साथ ओसरली आणि रोज सकाळी धडकी भरविणारे आकडेही विस्मरणात गेले. त्या आकड्यांनी दिलेला धडा मात्र विसरता कामा नये. शंभर चाचण्यांमागे बाधित किती, हे सांगणारा ‘पॉझिटिव्हिटी रेट’ हा त्यांतील कळीचा आकडा. तो किमान दोन आठवडे ५ टक्क्यांखाली राहिला तरच निर्बंध सैल करावेत, असा निकष जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये सुचविला. जून २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने हाच दर आणि प्राणवायूच्या भरलेल्या खाटा यांवरून निर्बंधांचे पाच स्तर ठरविले. दुकानाचे दार उघडणार की नाही, हे या आकड्यावर ठरू लागले.

मोहाचा जन्म येथेच होतो. दर हा अखेर भागाकार आहे. रुग्ण घटले तर तो उतरतो, तसाच छेद फुगविला तरी उतरतो. लक्षणे असलेल्या १०० जणांत २० बाधित आढळले, तर दर २० टक्के. त्यांत रस्त्यावरच्या ३०० धडधाकट वाटसरूंची भर घातली आणि त्यांत कोणीच बाधित निघाले नाही, की तोच दर ५ टक्के. रोग मात्र होता तेथेच! शिवाय जलद अँटिजेन चाचणीतून काही बाधित निसटतात. म्हणूनच लक्षणे असूनही ती ‘निगेटिव्ह’ आल्यास आरटीपीसीआर करावी, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने सांगितले होते.

धारावीने खरा मार्ग दाखविला. १ एप्रिल २०२० रोजी तेथे पहिला रुग्ण आढळला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरांत लक्षावधींची दाटी. रुग्णाची वाट न पाहता महापालिकेचे कर्मचारी, खाजगी डॉक्टर आणि सेवाभावी कार्यकर्ते दारोदारी गेले. मुंबई-पुण्याच्या वस्त्यांतील अशा तपासणीत संघाचे स्वयंसेवकही उतरले होते. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा गौरवाने उल्लेख केला.

घरात शिरणारी तपासणी पुण्याने १८९७च्या प्लेगातही अनुभवली होती. ती गोऱ्या सैनिकांच्या धाकाची होती, म्हणून लोकांनी रुग्ण दडविले. जेथे आपुलकी गेली, तेथे दारे आपोआप उघडली.

पुढची साथ कधी येईल, हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा शासनाने आकडा सजवू नये आणि समाजाने रोग लपवू नये. आरसा पुसल्याने चेहऱ्यावरचा डाग जात नाही, हे भान दोघांनीही राखावे.